निःशस्त्र वीर

बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूर गावाहून पश्चिमेस निघाले, म्हणजे चिखली-बुलढाण्याच्या पठारावरून वाट अजिंठ्याच्या डोंगरांकडे जाते. याच डोंगरांत, वाघूर नदीच्या अर्धचंद्राकार वळणावर, खडकात कोरलेली जगप्रसिद्ध लेणी आहेत. इ. स. ६४१ च्या सुमारास एक परदेशी भिक्षू महाराष्ट्रात आला. येथील योद्ध्यांचे शौर्य आणि येथील विहारांतील शांती या दोन्ही गोष्टींचे वर्णन त्याने आपल्या ग्रंथात करून ठेवले. तो स्वतः कधी हाती शस्त्र धरीत नसे. परंतु ज्या संकटांपुढे शस्त्रधारी वीरही कचरले असते, त्या संकटांतून तो पार पडला होता. त्या भिक्षूचे नाव ह्युएनत्संग.

ह्युएनत्संगाचा जन्म चीन देशातील होनान प्रांतात, लोयांग नगराजवळच्या एका खेड्यात इ. स. ६०२ च्या सुमारास झाला. चार भावांमध्ये तो सर्वांत धाकटा. वडील विद्वान होते. पण मुलगा लहान असतानाच ते वारले. त्याचा एक वडील भाऊ बौद्ध भिक्षू झाला होता. त्याच्याबरोबर हा मुलगाही विहारात राहू लागला व धर्मग्रंथ वाचू लागला. पुढे भिक्षूंची निवड करण्यासाठी एक राजाधिकारी तेथे आला. ह्युएनत्संगाचे वय तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते. एवढ्या लहान मुलाची निवड होणे शक्य नव्हते. म्हणून तो विहाराच्या दाराशी नुसताच उभा राहिला. अधिकाऱ्याने त्याला जवळ बोलावून भिक्षू होण्याचे कारण विचारले, तेव्हा बुद्धाचा उपदेश दूरवर पोहोचवावा आणि उजळावा अशी आपली इच्छा असल्याचे त्याने सांगितले. ते उत्तर ऐकून अधिकारी प्रसन्न झाला आणि वयाचा नियम बाजूस सारून त्याने त्याची निवड केली.

तो काळ चीनमध्ये मोठ्या धामधुमीचा होता. इ. स. ६१८ मध्ये स्वी राजवंश कोसळला आणि ठिकठिकाणचे सरदार सिंहासनासाठी एकमेकांशी लढू लागले. गावे ओस पडली, विहार लुटले गेले. ह्युएनत्संगाच्या जन्मगावापासून फार दूर नसलेल्या सुंग पर्वतावर शाओलिन नावाचा विहार होता. इ. स. ४९५ च्या सुमारास एका सम्राटाने तो एका भारतीय भिक्षूसाठी बांधला होता. या यादवीत शाओलिनच्या भिक्षूंनी हाती शस्त्रे घेतली. इ. स. ६२१ मध्ये त्यांनी ली शिमिन नावाच्या राजपुत्राला त्याच्या शत्रूविरुद्ध साहाय्य केले. त्या लढाईत नाव मिळविलेल्या तेरा भिक्षूंची नावे शाओलिनच्या शिलालेखात कोरलेली आहेत. हाच विहार पुढे युद्धकलेसाठी साऱ्या जगात प्रसिद्ध झाला. बोधिधर्म या भारतीय भिक्षूने तेथे ही कला शिकविली अशी लोककथा आहे. परंतु ती कथा त्याच्या मागून कित्येक शतकांनी रचली गेली, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. शाओलिनमधील दंडयुद्धाची सविस्तर माहितीही सोळाव्या-सतराव्या शतकांतील लेखनातच मिळते.

शाओलिनचे भिक्षू शस्त्र उचलीत होते, त्या काळात ह्युएनत्संग मात्र भावासह दूर नैर्ऋत्येकडील प्रांतात जाऊन अध्ययनात बुडून गेला होता. जसजसे अध्ययन वाढले, तसतशी त्याच्या मनातील शंकाही वाढली. चिनी भाषेतील धर्मग्रंथांची भाषांतरे अपुरी होती. एकाच प्रश्नाची निरनिराळे आचार्य निरनिराळी उत्तरे देत. मूळ ग्रंथ जेथे आहेत त्या भारतातच जावे आणि सत्य काय ते जाणून घ्यावे, असा त्याने निश्चय केला. परंतु देशाची सीमा ओलांडण्यास सम्राटाची सक्त मनाई होती. ह्युएनत्संगाने परवानगी मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा इ. स. ६२९ च्या सुमारास तो गुपचूप पश्चिमेकडे निघाला.

सीमेजवळ त्याला एक वाटाड्या मिळाला. पण एका रात्री तो वाटाड्याच हातात सुरी घेऊन त्याच्याकडे सरकू लागला. ह्युएनत्संग उठून बसला आणि शांतपणे बुद्धाचे स्मरण करू लागला. वाटाड्या थबकला, मागे फिरला आणि पुन्हा जाऊन निजला. दुसऱ्या दिवशी पुढे येण्याचे त्याने नाकारले, तेव्हा ह्युएनत्संगाने त्याला निरोप दिला. आता त्याच्या सोबतीला उरला तो एक म्हातारा तांबूस घोडा. वाटेत पहाऱ्याचे बुरूज होते. पहिल्या बुरुजाजवळ तो पाणी घेण्यास गेला असता पहारेकऱ्यांचा एक बाण त्याच्या गुडघ्याला जवळजवळ चाटून गेला. त्याने आपण चीनच्या राजधानीहून आलेला भिक्षू आहोत असे ओरडून सांगितले. तेथील अधिकारी बुद्धाचा भक्त होता. त्याने त्याला परत फिरण्याचा सल्ला दिला. परंतु त्याचा निर्धार पाहून शेवटी पुढची वाट दाखविली.

बुरुजांच्या पलीकडे अफाट वाळवंट पसरले होते. तेथे ना पक्षी, ना झाड, ना पाणी. अशा ठिकाणी ह्युएनत्संगाच्या हातून पाण्याची पखाल निसटली आणि सारे पाणी वाळूत सांडून गेले. क्षणभर त्याचे धैर्य खचले. त्याने घोडा मागे वळविला आणि काही अंतर तो परतही गेला. पण तेवढ्यात त्याला आपली प्रतिज्ञा आठवली. भारतात पोहोचेपर्यंत पूर्वेकडे एक पाऊलही टाकायचे नाही, असे त्याने ठरविले होते. मागे फिरून जगण्यापेक्षा पश्चिमेकडे जाताना मरण आलेले बरे, असा विचार करून त्याने घोडा पुन्हा वळविला. चार रात्री व पाच दिवस त्याच्या घशाला पाण्याचा थेंब लागला नाही. तो वाळूत कोसळला. अखेरीस त्या म्हाताऱ्या घोड्याला गवताचा व पाण्याचा सुगावा लागला आणि त्यानेच धन्याला पाणवठ्यापाशी नेले. मनाचा तोल एकदा जाऊनही तो पुन्हा सावरता येतो, हे ह्युएनत्संगाने येथे दाखवून दिले.

पुढे तुर्फान येथील राजाने त्याचा मोठा सत्कार केला. परंतु त्याला कायमचे तेथेच ठेवून घेण्याचा हट्ट धरला. ह्युएनत्संगाने राजाशी वाद घातला नाही. त्याने अन्नपाणी सोडले. चौथ्या दिवशी त्याची क्षीण अवस्था पाहून राजाला आपली चूक उमगली. त्याने भिक्षूची क्षमा मागितली आणि वाटखर्च, घोडे व शिफारसपत्रे देऊन त्याला सन्मानाने रवाना केले.

बर्फाच्छादित पर्वत ओलांडून ह्युएनत्संग भारतात आला. एकदा गंगेतून प्रवास करीत असता चाच्यांनी त्याची नौका पकडली. हे चाचे दुर्गेला दरवर्षी नरबळी देत. धट्टाकट्टा, देखणा असा हा भिक्षू पाहून त्यांनी त्यालाच बळी देण्याचे ठरविले. सहप्रवासी रडू लागले. एकाने तर त्याच्या जागी आपला प्राण देऊ केला. पण चाच्यांनी ऐकले नाही. ह्युएनत्संगाने मन स्थिर करण्यापुरता थोडा वेळ मागून घेतला. वेदीवर बसून त्याने डोळे मिटले आणि तो ध्यानात इतका रमला की, आपण कोठे आहोत याचेही त्याला भान उरले नाही. इतक्यात भयंकर वादळ सुटले, झाडे मोडून पडली, नदी खवळली. चाचे घाबरले व त्यांनी त्याच्या पायांवर लोळण घेतली. डोळे उघडून त्याने विचारले, ते एवढेच की आपली वेळ झाली काय! चाच्यांनी आपली शस्त्रे नदीत फेकून दिली, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. वादळ हा योगायोग असेल. परंतु मृत्यू समोर असतानाही न ढळलेले मन हा योगायोग नव्हता. ते वर्षानुवर्षांच्या साधनेचे फळ होते. मल्ल जसा रोज तालमीत घाम गाळतो, तसा हा भिक्षू रोज आपल्या मनाला तालीम देत आला होता.

पुढे तो नालंदा येथील महाविहारात गेला. तेथील वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांच्यापाशी त्याने सुमारे पाच वर्षे अध्ययन केले. त्यानंतर दक्षिण भारतातून फिरत तो महाराष्ट्रात आला.

महाराष्ट्राविषयी त्याने जे लिहिले आहे, ते प्रत्येक मराठी मुलाने जाणून घ्यावे असे आहे. येथील जमीन सुपीक आहे. लोक उंच, साधे, प्रामाणिक, मानी आणि विद्येची आवड असणारे आहेत, असे तो म्हणतो. उपकार करणाऱ्याविषयी ते कृतज्ञ असतात, पण अपमान करणाऱ्याला सोडीत नाहीत. मात्र सूड घेण्यापूर्वी ते शत्रूला आगाऊ सूचना देतात. मग दोघेही चिलखत चढवून भाले घेऊन लढतात. पळणाऱ्याचा ते पाठलाग करतात, परंतु शरण आलेल्याला मारीत नाहीत. पराभूत सेनापतीला दुसरी शिक्षा न देता स्त्रीचा वेष देण्यात येतो आणि ती नामुष्की असह्य होऊन तो प्राणत्याग करतो. राजाच्या पदरी शेकडो निवडक योद्धे असून युद्धापूर्वी ते मद्य पितात. हत्तींनाही मद्य पाजले जाते आणि मग त्यांच्यापुढे कोणी टिकत नाही. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. उत्तरेचा बलाढ्य सम्राट हर्षवर्धन याला त्याने नर्मदेपाशी रोखले होते. ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात या विजयाचा उल्लेख आहे.

याच शूरांच्या देशात शंभराहून अधिक विहार असून त्यांत पाच हजारांच्या आसपास भिक्षू राहतात, असेही ह्युएनत्संगाने नमूद केले आहे. देशाच्या पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे त्याने वर्णन केले आहे. त्याच्या भिंतींवर बुद्धाच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत आणि दाराशी दगडी हत्ती उभे आहेत, असे तो सांगतो. हे वर्णन अजिंठ्याचेच आहे, असे विद्वान मानतात. राजाच्या गजशाळेतले मद्याने धुंद झालेले हत्ती आणि विहाराच्या दाराशी निश्चल उभे असलेले हे दगडी हत्ती! एकाच देशात बळाची अशी दोन रूपे नांदत होती. योद्धा भीती घालविण्यासाठी मद्याचा आधार घेई. भिक्षूला मद्य वर्ज्य होते. त्याला भीतीवर जय मिळवायचा, तो पूर्ण शुद्धीवर राहूनच.

महाराष्ट्रातून परतल्यावर इ. स. ६४३ मध्ये हर्षवर्धनाने कनोज येथे ह्युएनत्संगासाठी मोठी धर्मसभा भरविली. हर्ष आणि पुलकेशी हे एकमेकांचे वैरी. एकाचे सैन्य दुसऱ्याच्या राज्यात शिरू शकले नाही. पण हा निःशस्त्र भिक्षू दोघांच्याही राज्यांत निर्वेधपणे फिरला.

इ. स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला. ते वाहून आणण्यासाठी वीस घोडे लागले. ज्या राजपुत्राला शाओलिनच्या भिक्षूंनी मदत केली होती, तोच ली शिमिन आता ताइत्सुंग या नावाने सम्राट झाला होता. आज्ञा मोडून गेलेल्या ह्युएनत्संगाला त्याने क्षमा केली. एवढेच नव्हे, तर भिक्षुवस्त्रे उतरवून मंत्री होण्याची विनंती केली. ती ह्युएनत्संगाने नाकारली. सम्राट तेव्हा कोरियावर स्वारी करण्याच्या तयारीत होता. निदान या मोहिमेत तरी बरोबर यावे, असा त्याने आग्रह धरला. सम्राटाला नकार देणे म्हणजे वाळवंट ओलांडण्याइतकेच धोक्याचे होते. तरीही ह्युएनत्संगाने नम्रपणे सांगितले की, भिक्षूला लढाई पाहण्याचीसुद्धा मनाई आहे. तेव्हा आपला सैन्याला काही उपयोग नाही. सम्राटाने ते मान्य केले.

त्याच वेळी ह्युएनत्संगाने एक मागणी केली. शाओलिनच्या शांत वनात बसून ग्रंथांचे भाषांतर करू द्यावे, असे त्याने विनविले. जो विहार लढाईमुळे नावारूपास आला होता, त्याच विहारात याला शांती हवी होती! सम्राटाने ती मागणी मान्य न करता त्याला राजधानीतच जागा दिली. इ. स. ६५७ मध्ये त्याने पुढच्या सम्राटाकडे हीच मागणी पुन्हा केली. तीही फेटाळली गेली. त्याबद्दल खेद न करता त्याने आपले काम चालू ठेवले. एकोणीस वर्षांत सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्याने पंचाहत्तर ग्रंथांची भाषांतरे केली आणि इ. स. ६६४ मध्ये देह ठेवला. त्याच्या अंत्ययात्रेला अफाट जनसमुदाय लोटला होता.

त्याचा प्रवासग्रंथ आजही मार्गदर्शक ठरला आहे. एकोणिसाव्या शतकात नालंदेसारख्या विस्मृत स्थळांचा शोध घेताना संशोधकांना त्याच ग्रंथाचा आधार मिळाला. चीनमध्ये सोळाव्या शतकात त्याच्या प्रवासावर एक अद्भुत कादंबरी लिहिली गेली. तिच्यात लोखंडी दंड फिरविणारा एक पराक्रमी वानर या भिक्षूचे पदोपदी रक्षण करतो. निःशस्त्र माणूस एवढे संकट तरून जाईल, हे जणू लोकांना खरे वाटेना! परंतु प्रत्यक्षात त्या वाळवंटात ना वानर होता, ना दंड. तेथे होते ते एक म्हातारे घोडे आणि एक न डगमगणारे मन. शरीराला शिक्षण देऊन माणूस शूर होतो. मनाला शिक्षण देऊन तो निर्भय होतो. ह्युएनत्संग त्या निर्भयांपैकी एक होता.