तांब्याच्या भांड्यांपासून दूरदर्शनच्या पडद्यापर्यंत : नोबुओ मुराकामी

थोर पुरुष म्हटले की राजे, संत, शास्त्रज्ञ आपल्या डोळ्यांसमोर येतात. या अंकात आम्ही एका आचाऱ्याची ओळख करून देत आहोत. जपानच्या घराघरांत फ्रेंच स्वयंपाक पोहोचविणारे नोबुओ मुराकामी हेच ते आचारी.

त्यांचा जन्म १९२१ साली टोकियोत झाला. आईवडील लहानपणीच वारले आणि कोवळ्या वयातच नोबुओ उपाहारगृहात कामाला लागले. अठराव्या वर्षी त्यांना टोकियोच्या प्रसिद्ध इम्पीरियल हॉटेलात उमेदवारी मिळाली, पण काम होते भांडी घासण्याचे. त्या काळी आचारी आपली विद्या कोणास देत नसत. उमेदवारांना चव कळू नये म्हणून घासायला टाकलेल्या भांड्यांत ते मीठ किंवा साबण घालीत. नोबुओंनी तक्रार केली नाही. सुट्टीच्या वेळात त्यांनी तांब्याची सुमारे दोनशे भांडी आरशासारखी लख्ख केली. हे पाहून वरिष्ठांचे मन वळले आणि नोबुओंसाठी भांड्यात थोडा सॉस शिल्लक राहू लागला. तो चाटून ते शिकले.

पुढे महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले. युद्ध संपल्यावर ते सायबेरियात बंदी होते. तेथे एका मरणोन्मुख सैनिकाला अननस खावासा वाटला. बर्फात अननस कोठून येणार? नोबुओंनी सफरचंदाच्या चकत्या साखरेत शिजवून दिल्या. तो सैनिक पुढे बरा झाला, असे ते सांगत. १९४७ मध्ये ते मायदेशी परतले.

नंतर हॉटेलने त्यांना युरोपात पाठविले. बेल्जियममधील जपानी दूतावासात आणि पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात त्यांनी काम केले. १९५८ मध्ये इम्पीरियलमध्ये जपानमधील पहिले बुफे भोजनगृह ‘वायकिंग’ सुरू झाले, त्याची धुरा त्यांच्याकडे आली. आजही जपानी लोक बुफेला ‘वायकिंग’च म्हणतात.

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये क्रीडाग्रामातील एका मोठ्या भोजनगृहाचे ते प्रमुख होते. देशभरातून सुमारे तीनशे आचारी आले होते. हजारो खेळाडूंसाठी ताजा माल घेतला तर शहरात भाव वाढले असते, म्हणून त्यांनी गोठविलेले अन्न चविष्ट करण्याची रीत शोधली. ज्या विद्येसाठी त्यांना भांडी चाटावी लागली, तीच त्यांनी या सर्वांना मोकळ्या हाताने दिली.

एनएचके वाहिनीवरील ‘क्यो नो र्योरी’, म्हणजे ‘आजचा स्वयंपाक’, या कार्यक्रमातही त्यांचे हेच धोरण होते. गृहिणींना शेजारच्या दुकानात मिळणाऱ्या जिनसांतून फ्रेंच पदार्थ करता यावेत, असे ते हसतमुखाने समजावीत. १९६९ मध्ये ते इम्पीरियलचे मुख्य आचारी झाले. २००५ साली, ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पालकांना आमची विनंती आहे की मुलाने स्वयंपाकघरात रस दाखविला तर त्याला हसू नये. आणि विद्यार्थ्यांनो, आपल्याला आलेले गणित शेजारच्या मित्राला समजावताना हात आखडता घेऊ नका.