लोकहितवादींची निवृत्ती

लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८२३ रोजी पुण्यात झाला. सरकारी नोकरी सांभाळून १८४८ साली त्यांनी ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून शतपत्रे लिहिण्यास आरंभ केला. त्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले, त्यातही त्यांचा पुढाकार होता. पुढे अहमदाबादेत न्यायाधीश असताना तेथील प्रार्थनासमाज व गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी यांच्या कार्यात त्यांनी मनःपूर्वक लक्ष घातले.

१८७९ साली ते सेवानिवृत्त झाले. निवृत्तिवेतन व मानमरातब पदरी असता स्वस्थ बसणे सहज शक्य होते. परंतु १८८० मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले, पुढे माळव्यातील रतलाम संस्थानचे दिवाणपदही त्यांनी सांभाळले. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने नगरांच्या कारभारात लोकांना वाव मिळू लागताच, १८८३ मध्ये त्यांनी ‘स्थानिक स्वराज्य व्यवस्था’ हे पुस्तक लिहिले. ९ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांचे निधन झाले.

निवृत्तीनंतरच्या या तेरा वर्षांची तयारी नोकरीच्या काळातच झाली होती. पंचविशीत अंगी बाणलेले लोककार्य छप्पन्नाव्या वर्षी नव्याने शिकावे लागले नाही. पेन्शन सुरू झाल्यावर समाजाकडे वळू, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम अवश्य ध्यानी घ्यावा.