मुक्या चित्राचा सूत्रधार

दादासाहेब फाळके हे नाव आज पुरस्कारामुळे सर्वांच्या तोंडी आहे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो. पण चित्रपट काढणे हे त्यांचे अर्धेच काम झाले. तो लोकांपुढे मांडायचा कसा, हे उरलेले अर्धे काम मला अधिक बिकट वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. पुढे छायाचित्रण केले, छापखाना काढला. जादूचे प्रयोगही करीत. त्यासाठी आडनाव उलटे फिरवून ते ‘प्रोफेसर केळफा’ झाले! १९१० च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि राम-कृष्ण असेच पडद्यावर दिसावेत या ध्यासाने त्यांना पछाडले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात फिल्मला भोके पाडीत आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. चरित्रांत त्यांना दोन-चार ओळीच मिळाव्यात, याचे नवल वाटते.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीचे काम साळुंके नावाच्या तरुणाने केले होते, कारण त्या कामाला बाई मिळेना. त्या खेळाच्या कार्यक्रमात या चित्राबरोबर एका युरोपीय बाईचा नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू, असा सगळा मसाला होता. मुके चित्र एकटे लोकांना धरून ठेवील, हा भरवसा तेव्हा कोणाला असणार?

आमच्या आरे-वारेकडे मृदंगावर थाप पडल्याशिवाय नमनाला रंग चढत नाही. ज्या प्रेक्षकाला देव म्हटला की गाणे-बजावणे हवे, त्याच्यापुढे फाळक्यांनी आवाज नसलेले देव उभे केले! पडद्यावरचा मजकूर हिंदी आणि इंग्रजीत असे. ज्याला अक्षरओळख नाही, त्याने शेजारच्याला विचारायचे. माझ्या घरातली माणसे त्या काळी तिथे बसली असती, तर विचारणाऱ्यांतच असती.

सुरतेला पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमले, असे सांगतात. रात्रभर चालणाऱ्या नाटकांची सवय असलेल्या लोकांना दीड तासाचा खेळ परवडेना. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली. तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहायला मिळेल, असा हिशेबच त्यांनी लोकांपुढे ठेवला, आणि गर्दी लोटली. याला कोणी धंदेवाईकपणा म्हणेल. मला तर तो गिऱ्हाइकाची भाषा कळलेला माणूस वाटतो.

१९१४ साली आपले तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे काम करण्याची बोलणी आली, पण ते परतले. १९१७ च्या ‘लंकादहन’ने तर कहर केला, मद्रासला जमलेली नाणी पोलीस पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आठवण सांगितली जाते. याच सुमारास चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारे छोटे चित्रही त्यांनी काढले. जादूगार सहसा आपली युक्ती सांगत नाही. या माणसाने ती पडद्यावर मांडली.

१९१८ साली नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भागीदारांशी पटेना म्हणून ते मध्ये काशीला निघून गेले आणि पुढे परतले. मग १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ साली मुकाच तयार झाला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ साली त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली आहेत. ती १९१३ ची की १९१७ साली पुन्हा घेतलेल्या चित्राची, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.