मागच्या रांगेतून उठताना

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा दरवर्षी भरते. आम्ही बायका मागच्या रांगेत बसतो, वहीत सही करतो, चहा घेतो आणि घरी येतो. पाणी कमी येते ही तक्रार आमची; पण सभेत ती मांडतात ते नवरे! गेल्या सभेनंतर जिना चढताना मला रमाबाई रानडे आठवल्या.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावचा. माहेरच्या कुर्लेकर. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पती महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे, नामवंत विद्वान. त्यांनी पत्नीला शिकवायला घेतले. आधी मराठी, मग इंग्रजी. वाचायला हे सोपे वाटते. पण पुरुषमंडळी दिवसभर कचेरीत, आणि रमाबाईंचा सगळा दिवस जायचा तो घरातल्या वडीलधाऱ्या बायकांमध्ये. त्यांना सुनेचे शिकणे मुळीच रुचत नव्हते. टोमणे, अबोला, कामात काढलेली खोट, सारे काही झाले. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही.

नाशिकला त्या पहिल्यांदा जाहीर समारंभात बोलल्या, तेव्हाचे भाषण माधवरावांनी लिहून दिलेले होते. पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. १८८४ साली हुजूरपागेची ती शाळा सुरू झाली. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली स्थापन केलेल्या आर्य महिला समाजातही त्या जात. तिथे ऐकता ऐकता, चार बायकांत बोलता बोलता, त्यांना स्वतःचे शब्द सापडत गेले.

१९०१ साली माधवराव गेले. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसायचे, हीच रीत. काही काळ रमाबाईही घरातच राहिल्या. पण मग त्या बाहेर पडल्या त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्रियांना भेटायला, इस्पितळातल्या रुग्णांची विचारपूस करायला. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. विधवांनी, परित्यक्तांनी शिकावे, परिचारिका व्हावे, आपल्या पायावर उभे राहावे, हा त्यामागचा हेतू. भल्या घरच्या बाईने परक्या रुग्णांची शुश्रूषा करायची म्हटल्यावर गावात कुजबुज झालीच. पण कुजबुजीची सवय रमाबाईंना घरातूनच झालेली होती.

साठीच्या उंबरठ्यावरही त्या थांबल्या नाहीत. १९२०च्या सुमारास पुण्याच्या नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. सक्ती मुलांपुरतीच करावी, मुलींचे पुढे पाहू, असे म्हणणारे वजनदार पुढारी होते. रमाबाई बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठीही त्या झटल्या. मुंबई विधिमंडळाने १९२१ साली तो दिला. मालमत्तेच्या अटीमुळे तो थोड्याच जणींना लाभला. पण दार उघडले. १९२४ साली रमाबाई गेल्या.

आज महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. खुर्ची कायद्याने मिळते. बोलायची सवय मात्र स्वतःलाच लावून घ्यावी लागते, आणि ती घरापासून लागते. रमाबाईंनाही पहिले भाषण दुसऱ्याने लिहून द्यावे लागले होते, हे आठवले की मला धीर येतो. आणखी एक गोष्ट मात्र टोचते. त्यांना सर्वांत जास्त अडवले ते घरातल्या बायकांनीच. आपल्या सुनेला संध्याकाळी सभेला जायचे असेल, तर त्या दिवशी कुकर कोण लावणार? याचे उत्तर आपण सासवांनी द्यायचे आहे.

पुढच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय आहे. माझा प्रश्न मी कागदावर लिहून ठेवला आहे. सुनेलाही बरोबर नेणार आहे. त्या दिवशीची खिचडी घरातले पुरुष करतील.