विश्लेषण : ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आणि देशाबाहेर जाण्याची सोय नाही... जॉन लेनन अमेरिकेत कसे अडकले होते?

ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे आणि कंपनी म्हणते, दोन आठवडे लंडनच्या क्लायंटकडे जाऊन या. अमेरिकेत काम करणाऱ्या अनेक मराठी अभियंत्यांना ही धाकधूक माहीत आहे. तिथे राहून कायम वास्तव्यासाठी अर्ज केला आणि परवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. वैध एच-१बी किंवा एल-१ व्हिसा असलेल्यांना यातून सूट असते. इतर बहुतेकांना निघण्यापूर्वी ‘ॲडव्हान्स परोल’ घ्यावा लागतो. बीटल्सचे जॉन लेनन यांची पन्नास वर्षांपूर्वीची कोंडी याच जातीची होती, फक्त कितीतरी अधिक घट्ट.

व्हिसाचा पेच कुठून सुरू झाला?

लेनन यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९४० रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडील जहाजावर नोकरीला. जॉन मावशीकडे वाढले आणि १९५८ मध्ये रस्ता अपघातात आई गेली. बीटल्स १९६४ मध्ये पहिल्यांदा अमेरिकेत गेले, तेव्हा विमानतळावर चाहत्यांची झुंबड उडाली होती. १९६८ च्या सुरुवातीला चौघेही ध्यान शिकायला ऋषिकेशला आले. तोवर सीमा ओलांडणे हा त्यांच्यासाठी प्रश्नच नव्हता.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला लंडन पोलिसांनी लेनन आणि योको ओनो राहत असलेल्या फ्लॅटवर छापा टाकला आणि थोडा चरस सापडल्याचे सांगितले. तो आपला नव्हता, असे लेनन नंतर कायम सांगत राहिले. पण योको यांच्यावरील आरोप मागे घेतले जावेत म्हणून त्यांनी गुन्हा कबूल केला. दंड झाला १५० पौंड. त्यांच्यासारख्या श्रीमंताला ही रक्कम किरकोळ होती, पण कबुलीची नोंद आठ वर्षे पाठ सोडणार नव्हती. (छाप्याचे नेतृत्व करणारा अधिकारी पुढे दुसऱ्या एका प्रकरणात तुरुंगात गेला.)

पहिला फटका १९६९ मध्येच बसला. युद्धविरोधी ‘बेड-इन’ न्यूयॉर्कमध्ये करायचे ठरले होते, पण अमेरिकेने प्रवेश दिला नाही. अखेर तो कार्यक्रम कॅनडात माँट्रियलच्या हॉटेलमध्ये झाला.

अमेरिकन सरकारला भीती कशाची?

ऑगस्ट १९७१ मध्ये विशेष सवलतीने मिळालेल्या तात्पुरत्या व्हिसावर लेनन दाम्पत्य न्यूयॉर्कला आले. योको यांना पहिल्या विवाहातील मुलीचा ताबा हवा होता आणि तिचे वडील तिला घेऊन गायब झाले होते. डिसेंबरमध्ये लेनन मिशिगनमधील एका सभेत गायले. गांजाच्या दोन सिगारेटींसाठी दहा वर्षांची शिक्षा झालेल्या जॉन सिंक्लेअर यांच्या सुटकेसाठी ती सभा होती. काही दिवसांतच सिंक्लेअर सुटले.

१९७२ हे निवडणूक वर्ष होते आणि अध्यक्षीय निवडणुकीत १८ वर्षांचे तरुण पहिल्यांदाच मतदान करणार होते. लेनन यांनी निक्सन यांच्याविरोधात देशभर मैफली केल्या तर? फेब्रुवारीत सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी याबाबत सरकारला सावध केले. महिनाअखेरीस व्हिसाची मुदत संपली आणि मार्चमध्ये देश सोडण्याची नोटीस आली. याच सुमारास लेनन दाम्पत्याने असामान्य गुणवत्तेचे कलाकार म्हणून कायम वास्तव्यासाठी अर्ज केला होता. म्हणजे एका हाताने अर्ज स्वीकारायचा आणि दुसऱ्या हाताने हाकलायचे!

बाहेर गेले असते तर?

तर सगळेच संपले असते. अर्जावर पाणी पडले असतेच. शिवाय हकालपट्टीच्या आदेशानंतर स्वतःहून निघून जाणे म्हणजेच आदेशाची अंमलबजावणी, असा कायदा होता. लंडनच्या शिक्षेची नोंद असताना परतीचा व्हिसा मिळणे अवघडच. त्यामुळे जगात कुठेही सभागृह भरवू शकणाऱ्या या गायकाला या काळात परदेश दौरा करता आला नाही. अल्बम निघाले ते अमेरिकेतूनच. मावशीशी बोलणे फोनवरून.

मार्च १९७३ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीश आयरा फील्डस्टील यांनी योको यांना कायम वास्तव्याची परवानगी दिली, पण जॉन यांना ६० दिवसांत निघण्यास सांगितले. बायको आत, नवरा बाहेर. लेनन अपिलात गेले. १९७४ मध्ये तिथेही निकाल विरोधातच लागला.

वकिलाला काय सापडले?

त्यांचे वकील लिऑन वाइल्ड्स इमिग्रेशन कायद्यात मुरलेले होते, पण हे अशील कोण हे त्यांना सुरुवातीला ठाऊकही नव्हते म्हणतात. माहितीच्या अधिकाराचा अमेरिकी कायदा वापरून त्यांनी सरकारी फायली बाहेर काढल्या. मानवतेच्या कारणावरून काही लोकांची हकालपट्टी थांबवण्याची ‘नॉनप्रायॉरिटी’ नावाची पद्धत खात्यात गुपचूप सुरू होती. अशी १८०० हून अधिक प्रकरणे निघाली. हीच पद्धत पुढे ‘डिफर्ड ॲक्शन’ म्हणून ओळखली गेली आणि बालपणी अमेरिकेत आणलेल्या लाखो स्थलांतरितांना २०१२ पासून संरक्षण देणारी ‘डाका’ योजना तिच्यावरच उभी आहे. लेनन प्रकरणाचा हा भाग त्यांच्या गाण्यांइतका कुणाला आठवत नाही, पण परिणाम कमी नाही.

सुटका कशी झाली?

७ ऑक्टोबर १९७५ रोजी अपील न्यायालयाने हकालपट्टीचा आदेश रद्द केला. मुद्दा तांत्रिक होता. ज्या ब्रिटिश कायद्याखाली शिक्षा झाली, त्यात अमली पदार्थ जवळ असल्याची आरोपीला जाणीव होती का, हे पाहिलेच जात नव्हते. अशा शिक्षेवरून अमेरिकेत प्रवेश नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. राजकीय कारणांसाठी निवडून केलेली हकालपट्टी खपवून घेणार नाही, हेही सुनावले. दोन दिवसांनी, लेनन यांच्या ३५व्या वाढदिवशीच, मुलगा शॉन जन्मला.

२७ जुलै १९७६ रोजी ग्रीन कार्ड मंजूर झाले आणि ते देणारे न्यायाधीश तेच, फील्डस्टील. पुढच्या वर्षी लेनन कुटुंबासह जपानला जाऊन काही महिने राहिले. १९८० च्या जूनमध्ये ते ऱ्होड आयलंडहून शिडाच्या नौकेने बर्म्युडाला निघाले. वाटेत वादळ लागले. तिथे त्यांनी नव्या गाण्यांवर काम केले, न्यूयॉर्कला परतून ती ध्वनिमुद्रित केली आणि नोव्हेंबरमध्ये ‘डबल फँटसी’ हा अल्बम आला. ८ डिसेंबरच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये घरासमोरच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. ग्रीन कार्डला पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, १९८१ मध्ये, त्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करता आला असता.