टिळकांचा दरबार

शाळेत 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आम्ही घोकून पाठ केली, पण तिचे कवी रेव्हरंड होते हे मला पुष्कळ वर्षांनी, आईच्या कपाटातले 'स्मृतिचित्रे' हाती लागले तेव्हा कळले. ना. वा. टिळकांची ती ओळख मला लक्ष्मीबाईंनी करून दिली.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचून मन ख्रिस्ताकडे वळले. पण मनातली श्रद्धा कुणाला दिसत नाही. दिसते ते पाणी. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन चार-पाच वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, आणि माझ्या मते, टिळकांच्या हट्टामुळे मुळीच नव्हे.

पाण्यावाचून तारण आहे की नाही, हा ख्रिस्ती मंडळींचा जुना वाद. एक पक्ष येशूने निकदेमाला सांगितलेल्या, पाण्याने आणि आत्म्याने जन्मण्याच्या गोष्टीवर बोट ठेवतो. दुसरा क्रुसावरच्या चोराकडे. त्याला कुठला बाप्तिस्मा? तरी सुखलोक मिळालाच की! आपल्याकडे या वादाला आणखी एक पदर होता. बाप्तिस्मा म्हणजे जात, आई-बाप, पंगत सारे तुटणे. म्हणून ख्रिस्त मनापासून मानणारे कितीतरी जण चर्चच्या उंबऱ्याबाहेरच थांबत.

'ज्ञानोदया'चे मराठी संपादन करणाऱ्या, कीर्तने-भजने रचणाऱ्या टिळकांना ही माणसे दिसत होती. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मिशनमधल्या काही स्नेह्यांना हे रुचले नाही. मला मात्र राहून राहून वाटते, ज्याने त्या पाण्यापायी संसार पणाला लावला, त्यालाच ते दुसऱ्यावर न लादण्याचा अधिकार होता. स्वतःच्या बाप्तिस्म्याला त्यांनी कधी कमी लेखले नाही, हेही खरे.

दरबार भरण्याआधीच मोडला म्हणा ना. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.