संतकवी सोहिरोबानाथ आंबिये

गोमंतकातील देवालयांत भजनाला रंग चढला की सोहिरोबानाथांचे एखादे पद हटकून निघते. त्यांचे ग्रंथ मात्र क्वचितच कुणाच्या घरी उघडले जातात.

सोहिरोबांचा जन्म इ. स. १७१४ मध्ये सावंतवाडी संस्थानातील बांदे येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. पाळण्यातील नाव अच्युत. पेडणे महालही त्या काळी सावंतवाडीकरांकडे असे; पोर्तुगीज अंमल तेथे कायमचा बसला तो १७८८ साली. तेव्हा पेडण्याने त्यांना आपले मानावे, यात नवल नाही.

घराण्याकडे गावचे कुळकर्णपण होते. दप्तर सांभाळणाऱ्या या गृहस्थाचे आयुष्य पालटले ते इन्सुलीच्या रानात. दरबारच्या तातडीच्या बोलावण्यावरून निघाले असता ते वाटेत विसावले, जवळचा फणस फोडला आणि समोर आलेल्या अवधूताला त्यातील गरे दिले. तो अवधूत म्हणजे साक्षात गहिनीनाथ, असे परंपरा सांगते. चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. परंतु कुळकर्णपण सुटले, अच्युताचे सोहिरोबा झाले आणि हिशेबात रुळलेली लेखणी अध्यात्माकडे वळली, हे खरे.

सिद्धांतसंहिता, अक्षयबोध, पूर्णाक्षरी, अद्वयानंद आणि महदनुभवेश्वरी हे त्यांचे ग्रंथ. अद्वैत आणि योग यांचे त्यांतील विवेचन अधिकारी वाचकाचीच अपेक्षा करते. पदांचे तसे नाही. तोच वेदान्त तेथे तेवत्या दिव्याच्या आणि सापासारख्या भासणाऱ्या दोरीच्या रूपाने येतो, तालावर सहज बसतो आणि निरक्षराच्याही ओठी राहतो. कवी म्हणून सोहिरोबांची खरी थोरवी या पदांतच आहे. मंगेशीचे सुपुत्र पं. जितेंद्र अभिषेकी यांनी गायिलेले त्यांचे पद तर गोमंतकाबाहेरही घरोघरी पोहोचले.

साठी गाठल्यावर त्यांनी घर सोडले आणि तीर्थाटन करीत ते उत्तरेत गेले. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे पेडणे महालातील केरी गावचे. त्यांच्यामुळे सोहिरोबांची महादजींशी भेट झाली, असे सांगतात. महादजी स्वतः कवने रचीत. ती त्यांनी कौतुकाने पुढे ठेवली. सोहिरोबांनी ती न वाखाणता त्यांतील अहंकारावरच बोट ठेवले. भर दरबारात हे धारिष्ट सोपे नव्हते. अवधूताला राजाची गरज नसते, हे सुनावणारे त्यांचे हिंदी पद याच प्रसंगाशी जोडले जाते. कोकणच्या या कवीने परमुलखात तेथल्या भाषेत रचना करावी, हे विशेष होय.

पुढे उज्जैनीस त्यांचा मठ झाला. १७९२ च्या रामनवमीस ते त्या मठातून निघून गेले आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत, असे त्यांच्या परंपरेत मानतात.